ताटावर पहारा ठेवून वजन उतरत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

४ मार्चला जागतिक लठ्ठपणा दिन असतो. त्या सुमारास वर्तमानपत्रांतून वजन घटवण्याबद्दल बरंच छापून येतं. काय खावं, किती चालावं, काय सोडावं. ते सगळं जाड माणसासाठी लिहिलेलं असतं. त्याच्या शेजारच्या पाटावर बसून जेवणाऱ्यांसाठी फारसं कुणी लिहीत नाही. मी त्या शेजारच्यांपैकी आहे. अकरा वर्षं मी माझ्या भावाशी चुकीचं वागले, म्हणून हे पत्र लिहिते आहे. त्याला विचारूनच लिहिते आहे.

मी टपाल खात्यातून निवृत्त झाले. लग्न केलं नाही. आई, धाकटा भाऊ, भावजय आणि मी असे आम्ही चौघं नारायण पेठेत एकत्र राहत होतो. भाऊ ५२ वर्षांचा, लक्ष्मी रस्त्यावरच्या एका कापड दुकानात हिशेब लिहितो. उंची ५ फूट ७ इंच आणि जून २०२४ मध्ये वजन १५४ किलो. उंचीच्या मानाने वजन मोजायचा जो बीएमआय असतो, तो आपल्याकडे २५च्या वर गेला की लठ्ठपणा धरतात आणि ४०च्या पुढचा लठ्ठपणा अतितीव्र मानतात. भावाचा ५३ होता.

माझी मदत कशी होती ते सांगते. लाडू-चिवड्याचे डबे माझ्या कपाटात, किल्ली माझ्या कनवटीला. जेवताना पोळ्या मोजायच्या, आणि पाहुणे बसलेले असले तरी ‘ही चौथी हं’ म्हणून ऐकवायचं. दर रविवारी कुणीतरी नातेवाईक येऊन ‘रोज पर्वती चढ, महिन्यात फरक पडेल’ असं सांगून जायचे आणि मी मान डोलवायचे. पर्वतीच्या १०३ पायऱ्या धडधाकट माणसाचाही दम काढतात. दीडशे किलोंच्या माणसाच्या गुडघ्यांनी त्या चढायच्या म्हणजे काय, हा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही.

एकदा त्याच्या स्कूटरच्या डिकीत वडापावचे तेलकट कागद सापडले. ते मी आणून सगळ्यांसमोर टेबलावर ठेवले. तो काही बोलला नाही. त्यानंतर डिकीत कागद कधी सापडले नाहीत आणि मला वाटलं, सुधारला. प्रत्यक्षात तो मंडईमागे उभ्याउभ्या खाऊन, हात-तोंड धुऊन घरी यायला लागला होता. घरी दोनच पोळ्या खायचा. हे त्याने मला पुढे खूप दिवसांनी सांगितलं. चोरून खाणारा माणूस घाईघाईने खातो आणि पोट भरल्याचं त्याला कळतही नाही. ती सवय मी लावली.

आईचं उलट होतं. भाऊ जन्मला तेव्हा सव्वाचार पौंडांचा होता, जगतो की नाही अशी धास्ती होती. त्या धास्तीतून आई आयुष्यभर बाहेर आलीच नाही. तुपाची धार आणि ‘एवढं संपवून टाक, माझी शपथ’ हे शेवटपर्यंत चाललं. म्हणजे एकाच पंगतीत एक बाई वाढत होती आणि दुसरी मोजत होती. आमच्याच शहरातल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या माता-बालकांचा अभ्यास केला. आपली बाळं जन्मतः हडकुळी दिसली तरी त्यांच्या अंगात स्नायूंच्या मानाने चरबी जास्त असते, असं त्यातून दिसलं. माझ्या भावाचं वजन तेवढ्यामुळे वाढलं असं मी म्हणत नाही. पण हे वाचल्यावर ‘तोंडावर ताबा नाही’ हे एकच कारण मला पुरेनासं झालं.

एका लग्नात, मंगल कार्यालयात, त्याच्याखालची प्लॅस्टिकची खुर्ची मोडली. तो पडला. आधी लोक हसले, मग धावले. तेव्हापासून त्याने लग्नामुंजींना जाणं सोडलं. दर वेळी दुकानात ऑडिट निघायचं.

जून २०२४ मध्ये अलका टॉकीजच्या चौकात सिग्नलला थांबलेला असताना स्कूटरवरच त्याचा डोळा लागला आणि तो कलंडला. नशिबाने मागची गाडी थांबली. दुकानातही तो वह्यांवर पेंगायचा आणि आम्ही त्याला आळशी म्हणायचो. या प्रसंगानंतर त्याला दवाखान्यात नेलं. तिथला काटा १२० किलोंपर्यंतचा. तिथल्या बाईंनी ‘बाहेर कुठे मोठ्या काट्यावर करून आणा’ म्हणून सांगितलं. रक्तदाब मोजायचा पट्टाही दंडाला पुरेना, तरी तो ओढूनताणून लावला. आखूड पट्ट्याने रक्तदाब असेल त्यापेक्षा जास्त दिसतो, हे मला नंतर दुसऱ्या डॉक्टरांकडून कळलं.

मोठा काटा कुठे असणार? आम्ही मार्केट यार्डात गेलो. भुसार विभागातल्या एका गाळ्यासमोर गुळाच्या ढेपा आणि ज्वारीची पोती ज्यावर तोलतात, त्या काट्यावर माझा भाऊ उभा राहिला. तिथला तोलणार वयस्कर होता. त्याने आजूबाजूच्या पोरांना लांब पाठवलं, आकडा मोठ्याने वाचला नाही, कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून, घडी घालून भावाच्या हातात दिला. इतक्या वर्षांत मला जे सुचलं नव्हतं ते त्या माणसाला दोन मिनिटांत सुचलं.

परत येताना रिक्षात भाऊ म्हणाला, “ताई, तुला मला मदत करायची आहे की माझ्यावर पहारा ठेवायचा आहे?”

त्या रात्री मी त्याला पहिल्यांदा विचारलं, की तुला माझ्याकडून काय हवंय. त्याने फार मागितलं नाही. माझ्या पोळ्या मोजू नकोस. डॉक्टरांकडे माझ्याबरोबर चल, पण माझ्या वतीने बोलू नकोस. आणि मी जे जेवेन तेच तुम्ही सगळ्यांनी जेवा, माझं ताट वेगळं वाढू नका. कपाटाची किल्ली मी दुसऱ्या दिवशी भावजयीच्या हातात दिली.

नवे डॉक्टर भले निघाले. ‘वजनाबद्दल बोललो तर चालेल ना?’ असं त्यांनी आधी भावालाच विचारलं. थायरॉइड तपासलं. कुठली औषधं चालू आहेत ते पाहिलं, कारण काही औषधांनीही वजन वाढतं. मग झोपेची तपासणी केली. झोपेत त्याचा श्वास तासाला ६०हून अधिक वेळा अडखळत होता. तासाला ३०च्या वर गेलं तरी ते तीव्र समजतात. गळ्याभोवतीच्या चरबीने वाट अरुंद होते, श्वास थांबतो, मेंदू दचकून जागा करतो, आणि हे रात्रभर चालतं. झोप मोडलेल्या माणसाला भूकही जास्त लागते. त्याचं घोरणं भिंतीपलीकडून ऐकून मी वर्षानुवर्षं वैतागले होते. तो गुदमरत होता. नाकावर मास्क लावून हवेचा दाब देणारं सीपॅप यंत्र सुरू केलं आणि तीन आठवड्यांत तो स्वतःहून म्हणाला, “जरा खाली चक्कर मारून येतो.” त्या आधी अकरा वर्षांत त्याने असं कधी म्हटलं नव्हतं.

पहिलं लक्ष्य ठरलं ८ किलोंचं. मी मनात खट्टू झाले. १५४ मधून ८ म्हणजे काय! पण डॉक्टरांनी समजावलं, की वजन पाच ते दहा टक्के उतरलं तरी साखर आणि रक्तदाब सुधारतात, आणि एक किलो कमी झाला की चालताना गुडघ्यावरचा भार पावलागणिक सुमारे चार किलोंनी हलका होतो. तसंच झालं. आधी सहा मिनिटं, तेही इमारतीच्या आवारात. दिवाळीनंतर ओंकारेश्वराच्या देवळापर्यंत जाऊन, तिथे टेकून परत. खुर्चीत बसून करायचे व्यायाम रोज सकाळी, आणि ते आम्ही तिघी त्याच्याबरोबर करायचो. आई ८६ वर्षांची, तीसुद्धा हात वर करायची.

स्वयंपाकघरात काय बदललं ते थोडक्यात सांगते. चौघांना महिन्याला ५ लिटर तेल लागायचं, ते हळूहळू ३ लिटरवर आणलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून तेल दहा टक्के कमी करायला सांगितलं, तेव्हा आईला केवढा अभिमान वाटला होता. ताटात उसळ, ताक, दही आणि पालेभाजी वाढली, भात कमी झाला. सकाळचे पोहे आठवड्यातून एकदाच. आहारतज्ज्ञ बाईंनी आमचे उपवास मात्र बंद केले. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे, पण तूप आणि दाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर केळं हे एकूण किती होतं, याचा हिशेब मी कधी केला नव्हता. भाऊ हिशेबनीस, त्याने तो केला आणि मला दाखवला.

२०२५ च्या श्रावणात आई गेली. तेव्हा भाऊ १२९ किलोंवर आला होता. तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं, कोण काय आणतंय, केव्हा जेवतोय याला धरबंध नाही. रात्रीचं यंत्र लावणंही सुटलं. तेराव्यानंतर तो आईच्या खोलीत बसून राहायचा. दसऱ्यापर्यंत वजन १३६. एका संध्याकाळी मी त्याच्यासमोरचा चिवड्याचा डबा उचलला आणि ‘एवढं सगळं केलेलं पाण्यात गेलं’ हे शब्द अगदी ओठांवर आले. डबा तसाच खाली ठेवला आणि त्याच्याजवळ बसले.

वजन परत का येतं, हे घरच्यांनी नीट समजून घ्यायला हवं असं मला कळकळीने वाटतं. मेलबर्नमध्ये ५० जणांवर झालेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या लोकांनी दहा आठवडे कडक आहार घेऊन वजन उतरवलं. वर्षभरानंतर तपासलं तेव्हाही भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक त्यांच्या रक्तात वाढलेलंच होतं, पोट भरल्याची जाणीव देणारं लेप्टिन कमीच होतं, आणि त्यांची भूकही आधीपेक्षा जास्त होती. वजन उतरलेलं शरीर आपल्यावर दुष्काळ आला असं समजतं आणि गेलेलं परत मिळवायला झटतं. त्या शरीराशी रोज झगडणाऱ्याला आपण ‘मनावर घेत नाहीस’ म्हणतो. मधुमेह पुन्हा वाढला तर असं कुणी म्हणत नाही, डोस बदलतात. डिसेंबरमध्ये भावाने यंत्र पुन्हा नेमाने लावायला सुरुवात केली, डॉक्टरांनी आहार बदलून दिला आणि आज तो १३२ वर आहे.

डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा पर्यायही समोर ठेवला आहे. भावाचा निर्णय झालेला नाही आणि तो त्याचाच आहे. पण एक गोष्ट वाचकांना माहीत असावी. ‘वजनाच्या ऑपरेशनला विमा मिळतच नाही’ असं आम्हाला एका विमा प्रतिनिधीने छातीठोकपणे सांगितलं होतं. विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांत बीएमआय ४० किंवा अधिक असेल, अथवा ३५ किंवा अधिक असून इतर साध्या उपायांनी वजन उतरलं नसेल आणि हृदयविकार, झोपेतल्या श्वासाचा तीव्र विकार, काबूत न येणारा मधुमेह यांपैकी एखादा आजार असेल, वय १८ पूर्ण असेल आणि डॉक्टरांचा सल्ला असेल, तर अशी शस्त्रक्रिया सरसकट वगळता येत नाही. आपल्या पॉलिसीतला प्रतीक्षाकाळ तेवढा पाहून घ्यावा. २०२५ मध्ये आठवड्याला एकदा घ्यायची वजनाची इंजेक्शनं भारतात आली, तेव्हापासून ‘तेच का घेत नाही’ असंही रोज कुणीतरी विचारतं. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची औषधं आहेत, आणि थांबवली की बऱ्याच जणांचं वजन पुन्हा वाढतं. नातेवाइकांनी ती परस्पर मागवून कुणाच्या हातात ठेवू नयेत.

पत्र भावाला वाचून दाखवलं. नाव नको म्हणाला, चौकातलं पडणं राहू दे म्हणाला, आणि काट्याचं आणि खुर्च्यांचं नक्की लिही म्हणाला. म्हणून लिहिते. महापालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात निदान २५० किलोंपर्यंतचा वजनकाटा आणि रक्तदाबाचा मोठा पट्टा असावा. काटा आडोशाला ठेवावा आणि आकडा मोठ्याने वाचू नये. आणि मंगल कार्यालयांच्या चालकांना विनंती, की प्लॅस्टिकच्या खुर्च्यांबरोबर आठ-दहा लोखंडी, बिनहातांच्या, रुंद खुर्च्या पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत मिसळून मांडाव्यात. वैशाखात आमच्या भाचीचं लग्न आहे. भाऊ येणार आहे.

एक बहीण,
नारायण पेठ, पुणे
(नाव छापू नये, ही विनंती.)