सतरा हजार कसले? डेसिबल की हर्ट्झ?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मंगळवारच्या अंकात व्यापारी संकुलातल्या टवाळखोर पोरांना बारीक, नकोशा आवाजाने हुसकावणारे यंत्र बसवायची बातमी आहे. त्यात आवाज चक्क ‘17 हजार डेसिबल’ छापला आहे. एवढा आवाज निघाला असता तर टवाळखोर सोडाच, जळगाव शहर आणि आपला छापखानाही जागेवर राहिला नसता. हवेत साधारण 194 डेसिबलच्या पुढे ध्वनिलहर लहर म्हणून टिकतच नाही, स्फोटाचा धक्का होतो. 17 हजार हे हर्ट्झ आहेत. हर्ट्झ म्हणजे आवाज किती बारीक, डेसिबल म्हणजे किती मोठा. दहावीच्या पोराने ही चूक केली तर गुरुजी कान धरतात.

यंत्र मूळचे वेल्समधले. हॉवर्ड स्टेपलटन यांनी 2005 मध्ये बॅरी गावातल्या एका दुकानाबाहेर ते लावून पाहिले. पट्टी सुमारे 17,400 हर्ट्झ. कानातल्या शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी अतिबारीक आवाज टिपतात आणि वयाबरोबर त्याच आधी मरतात, म्हणून पंचविशी उलटलेल्या बहुतेकांना तो ऐकू येत नाही. एवढे आपल्या बातमीत बरोबर आहे. पुढचे मात्र गाळले. तिथल्या पोरांनी हाच आवाज मोबाइलची रिंगटोन केली आणि मास्तरांना पत्ता न लागता वर्गात फोन वाजू लागले. 2006 चे इग्नोबेल ‘शांतता’ पारितोषिक या यंत्रासाठी स्टेपलटन यांना मिळाले, ते थट्टेचे असते. 2010 मध्ये मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या युरोप परिषदेच्या संसदीय सभेने सार्वजनिक जागी अशा यंत्रांवर बंदी घाला, अशी शिफारस केली. नंतरच्या मॉडेलात 8 हजार हर्ट्झचे बटणही आले. ते सगळ्याच वयाच्या माणसांना ऐकू येते, म्हणजे ‘फक्त पोरांना’ हा मुद्दाही संपला.

आता हेच यंत्र स्वस्तात जुळवायचा आपल्याकडचा जुगाड. ठरावीक वेगाने स्पंदने देणारी 555 चिप आणि तो वेग ठरवणारे सुटे भाग: 10 किलो-ओहम आणि 36 किलो-ओहमचे दोन रेझिस्टर, 1 नॅनोफॅरडचा कपॅसिटर. चिपच्या सूत्राप्रमाणे 17,560 हर्ट्झ येतात. पण साध्या कपॅसिटरमध्ये 10 टक्के फरक धरावाच लागतो, म्हणून एक नग 16 हजारांवर वाजेल आणि दुसरा साडेएकोणीस हजारांवर. त्यात मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली डबा तापला की स्वस्त सिरॅमिक कपॅसिटरचे मूल्य आणखी सरकते. पहिल्या नगाचा त्रास तिशीतल्या दुकानदारालाही होईल, दुसरा कॉलेजच्या पोरांपैकी अनेकांना ऐकूच येणार नाही. दहा रुपयांचा बझर लावला तर आणखी वाया, कारण तो 2 ते 4 हजारांवर जोरात वाजतो आणि 17 हजारांवर कण्हतो. इथे पिझो ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचा खास स्पीकरच लागतो. मंडपवाल्याच्या भोंग्यावर मोबाइलमधली फाइल वाजवू, असे कोणाच्या मनात असेल तर त्यानेही विसरावे. 128 केबीपीएसची एमपीथ्री फाइल बहुधा 16 हजारांच्या वरचे कापून टाकते आणि भोंगा त्याच्याही आधीच थकतो.

खरी गोम पुढे आहे. 17,400 हर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम 2 सेंटिमीटर, त्यामुळे आवाज बॅटरीच्या झोतासारखा सरळ जातो आणि खांबामागे सावली पडते. कट्ट्यावरचे टोळके दोन पावले सरकले की सुटले. जो सरकू शकत नाही तो समोरच्या अभ्यासिकेत बसलेला, पोलीस भरतीची नाहीतर एमपीएससीची तयारी करणारा वीस वर्षांचा मुलगा. यंत्रापासून दीड मीटरवर 90 डेसिबल धरले, तर अंतर दुप्पट झाले की 6 घटतात. 12 मीटरवर 72 उरतात. हवा आणखी थोडे शोषेल, पण किती? नियमाप्रमाणे व्यापारी भागाची रात्रीची आवाजमर्यादा 55 डेसिबल आहे, निवासी भागाची 45. काचेची खिडकी हा आवाज बराच अडवते. पण 44 अंशांत कूलर लावला की खिडकी उघडी ठेवावीच लागते, हे खान्देशात कोणाला सांगायला नको. आईच्या खांद्यावरचे तान्हे तर का रडते हेही सांगणार नाही. आणि कुत्री? त्यांना 40 हजारांच्या पुढचेही ऐकू येते.

तक्रार करावी तर कोणाकडे? तपासायला येणाऱ्या साहेबांचे वय पन्नाशीचे, त्यांना काही ऐकू येणार नाही. मीटरही भोळाच. नियमातले डेसिबल माणसाच्या कानाला जुळवलेल्या ‘ए’ गाळणीतून मोजतात आणि ती 16 हजारांवर साडेसहा डेसिबल आधीच वजा करते. दुसऱ्या वर्गाच्या, म्हणजे कमी अचूक मीटरने तिथे किती कमी दाखवावे, याला प्रमाणकात खालची मर्यादाच नाही. म्हणजे शून्य दाखवले तरी मीटर पास!

पोरे काही संत नाहीत. जिन्यात पिचकाऱ्या आणि रात्री अकराला सायलेन्सरचे फटाके, हे सगळे खरे. पण संकुलाच्या चौकीदाराने ‘काबर बसनात रे आठे?’ एवढे विचारले तरी निम्मी उठतात, आणि जिन्यातले बंद दिवे लावले तर उरलेली. त्याला ट्वीटर लागत नाही.

जाता जाता. ती बातमी ज्या पानावर होती, त्याच्याच खाली ‘अल्ट्रासॉनिक लहरींनी डास पळवा’ ही पाव पानाची जाहिरात होती. वैद्यकीय प्रयोग एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2007 च्या आढाव्यात अशा यंत्रांचे 10 क्षेत्रीय प्रयोग तपासले गेले आणि डास चावण्यात काही फरक आढळला नाही. डेसिबलची दुरुस्ती छापाल तेव्हा ती कृपया या जाहिरातीखाली दडपू नका.

आपला,
एक वर्गणीदार वाचक, जळगाव