गोळ्यांचं काय ठरलं ते कळव

प्रिय बाळा, सप्रेम सलाम,

काल फोनवर म्हणालास की पाळकसाहेबांनी सांगितलेल्या काउन्सेलरकडे तुम्ही दोघं जायला लागलात, ऐकून बरं वाटलं. आपल्यात नवराबायकोचं चव्हाट्यावर येईपर्यंत कोणी तोंड उघडत नाही, तू आपणहून गेलास, मी आईला सारखं तेच सांगतोय. पण मग जाता जाता तू बोललास की घरच्या प्रार्थनेला कोणीतरी म्हणालं विश्वास आहे तर डिप्रेशनच्या गोळ्या कशाला, आणि तू नुसतं "बघू" म्हणालास. त्या बघूने माझी झोप गेली.

अरे मी उभा जन्म मिरजेत वान्लेस हॉस्पिटलच्या औषधांच्या खिडकीत काढला. 1894 सालचं मिशनचं हॉस्पिटल ते. ऑपरेशनच्या आधी प्रार्थना व्हायची आणि मग भूल द्यायचे, प्रार्थना झाली आता भूल कशाला असं कोणी म्हणालं नाही. या गोळ्यांचा गुण यायलाच दोन-चार आठवडे लागतात, कधी जास्तही, आणि बरं वाटलं म्हणून एकदम सोडल्या की चक्कर, झोप उडते, जीव घाबरा होतो. सोडायच्याच असतील तर डॉक्टर हळूहळू डोस उतरवतील. काउन्सेलरचं काम वेगळं, डॉक्टरचं वेगळं.

झालं माझं लेक्चर सुरू, माफ कर, मला तुमच्या दोघांबद्दल लिहायचं होतं.

काउन्सेलर आधी एकेकट्याला भेटतात मग दोघांना, हे चांगलं आहे. आणि एकाने बोलायचं, दुसऱ्याने मधे न तोडता ऐकलेलं परत सांगायचं, हा घरचा अभ्यास मी आणि आईने करून बघितला, माझं बोलणं पुरं व्हायच्या आत तिने विचारलं गॅस बंद केला का. हसू नकोस. फक्त एक बघ, बायबलात इफिसकरांस 5 मधलं 22 वं वचन, स्त्रियांनी अधीन असावं, ते सगळ्यांना पाठ असतं, त्याच्या अगोदरचं 21 वं, एकमेकांच्या अधीन असा, ते कोणाला आठवत नाही. तिथे नुसतं सूनबाईलाच सोसायला सांगत असतील तर दुसरा माणूस शोधा. आणि आतलं बोलणं आतच राहू दे. आपल्या मंडळीत कोणी चुगली करत नाही, "प्रार्थनेसाठी विषय आहे" म्हणतात आणि संध्याकाळपर्यंत वान्लेसवाडीला कळलेलं असतं.

संडे स्कूलच्या कार्यक्रमात तू 23 वं स्तोत्र म्हणताना मृत्युच्छायेच्या दरीपाशी अडकलास, आठवतं? पुढच्याच बाकावर आई ओठ हलवून शब्द सांगत होती आणि तू मान खाली घालून शर्टाचं बटण पिळत उभा. रडला नाहीस हं, सगळ्यांनी कौतुक केलं, मलाही तेव्हा फार अभिमान वाटला. आता वाटतं त्यापेक्षा रडला असतास तर बरं. तुझं अजून तसंच आहे, मदत समोर असते आणि तू बटण बघतोस, म्हणून तर म्हणतो गोळी... असो.

1 राजे 19 वाच. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता, देवदूताने त्याला विश्वासावर प्रवचन नाही दिलं, ऊठ, खा म्हणाला. तो जेवला, परत झोपला, परत खाऊ घातलं. तुझं जेवण होतंय ना वेळेवर?

आणि रात्री तसलं काही मनात आलं तर मला उठव, किती वाजले बघू नकोस. मी नाही उचलला तर 14416, टेलिमानस, सरकारी आहे, फुकट, मराठीतही बोलतात. एवढं लिहायला मला किती जड गेलं ते तुला कळेल.

शनिवारच्या कोयनेने आई येतेय, भडंग आणि लसणाची चटणी देतोय, सूनबाईला तिखट सोसतं का विचारायचं राहिलं. आईसमोर विषय तू काढू नकोस, तीच काढेल. डॉक्टरची पुढची तारीख कधी आहे ते मला वेगळा मेसेज करून कळव.

तुझे पप्पा