चिऊच्या खर्चाची वाटणी

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, दादा-वहिनी आता वेगळे राहतात, तेव्हा त्यांच्या चिऊच्या खर्चाबद्दल तुम्ही फोनवर म्हणालात, मूल दोघांचं, तर खर्चही निम्मा-निम्मा. पण दादा-वहिनीची कमाई सारखी नाही. समजा, कर वजा जाता दादाच्या हातात महिन्याला ६०,००० पडतात, वहिनीच्या ४०,०००, आणि चिऊचा खर्च २०,०००. निम्मा केला तर दादाच्या कमाईतला सहावा हिस्सा जातो, वहिनीचा मात्र चौथा. ६०:४० ने वाटला तर त्याचे १२,००० आणि तिचे ८,०००, म्हणजे दोघांचाही पाचवाच हिस्सा.

आता दादाचा मुद्दा. चिऊ महिन्यातले दहा दिवस त्याच्याकडे असते, बाकी वहिनीकडे, म्हणून एकूण खर्चाचा तिसरा हिस्सा त्याला आपल्या वाट्यातून कापून हवाय. घोळ इथेच आहे. शाळेची फी, विमा, घरभाड्यातला तिचा वाटा, हे काही ती दहा दिवस नाही म्हणून कमी होत नाहीत. कमी होतो तो खाण्यापिण्याचा, जाण्यायेण्याचा, रोजचा खर्च. तो २०,००० पैकी ९,००० धरला तर दहा दिवसांचे ३,०००. ते दादा स्वतःच करतो, तेव्हा १२,००० मधून वजा करून त्याने वहिनीला ९,००० द्यायचे. ताळा करून बघा: वहिनीच्या हातून जातात १७,०००, येतात ९,०००, पदरचे ८,०००. अख्ख्या वीस हजारांचा तिसरा हिस्सा कापला असता तर तिच्यावर साडेअकरा हजारांहून जास्त पडले असते. दादाच्या घरीही चिऊचा पलंग-कपाट लागतं हे खरं, पण तो खर्च त्याने वेगळा मांडावा, दिवसांच्या हिशोबात घुसडू नये.

चष्मा, दातांची तार, सहल असे मधूनच उगवणारे खर्च महिन्याच्या रकमेत धरू नका. त्यांनाही ६०:४० च लावायचं, पण ठरलेल्या रकमेच्या वर गेला तर आधी मेसेज करून विचारायचं आणि समोरच्याने आठवड्यात उत्तर द्यायचं. डॉक्टरकडे तातडीने न्यावं लागलं तर अर्थात विचारत बसायचं नाही. बिल त्याच महिन्यात पाठवायचं. सहा महिन्यांचा गठ्ठा एकदम पुढे आला की भांडण ठरलेलं. भाजी-दुधाच्या पावत्या मात्र कुणी मागू नयेत, तो निव्वळ जाच आहे.

पैसे ठरलेल्या तारखेला खात्यातच जमा व्हावेत. रोख दिलेल्याचा पुरावा राहत नाही. वर्षातून एकदा पगाराच्या स्लिपा समोर ठेवून प्रमाण नव्याने काढायचं. नोकरी गेली तर हप्ता चुकायच्या आधी सांगायचं. कोर्टाचा आदेश असेल तर आपसातलं तोंडी बोलणं पुरत नाही. बदल तिथूनच करून घ्यायचा, नाहीतर थकबाकी चढत राहते.

आई, तू चिऊला सायकल घेऊन दिलीस ती भेट. दादाच्या हिश्श्यातून ती वजा होत नाही, मग त्याला कितीही वाटो. आणि पैसे थकले तरी भेटणं थांबवायचं नाही. भेटू दिलं नाही म्हणून पैसेही अडवायचे नाहीत. पैशांचे निरोप चिऊच्या हाती तर मुळीच द्यायचे नाहीत.

दादाकडून शेवटच्या तीन महिन्यांच्या स्लिपा आणि वर्षभराच्या फीच्या पावत्या मागून ठेवा. वहिनीकडून मी मागते. तक्ता करून दोघांना एकाच वेळी पाठवेन.

तुमची,
धाकटी