चिमणी, विमान आणि दोन ग्रुप

महोदय,

समाजमाध्यमांवर विरोधी मत दिसतच नाही आणि त्याला अल्गोरिदम, म्हणजे कुणाला काय दाखवायचं ते ठरवणारी संगणकाची यंत्रणा, जबाबदार, असं हल्ली सर्रास बोललं जातं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये तर असली निवड नसते, आलेला मेसेज ओळीने दिसतो. तरीही तिथे काय होतं, ते आम्ही सोलापूरकरांनी चिमणीच्या वादात बघितलंय. सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी विमानांच्या वाटेत येते म्हणून ती पाडायची की राखायची, असा तो वाद.

तेव्हा मी दोन ग्रुपमध्ये होतो. एक आमच्या अपार्टमेंटचा, 'विमान पाहिजेच'वाला. दुसरा पाव्हण्यारावळ्यांचा, त्यात निम्मे सिद्धेश्वर कारखान्याचे सभासद. दोन्हीकडे रोज सकाळी तेच: 'अख्खं सोलापूर आपल्या बाजूनं आहे.' अपार्टमेंटच्या ग्रुपवर मी विचारलं, चिमणी पाडली तर पुढच्या हंगामात सभासदांनी ऊस घालायचा कुठं? उत्तर कुणी दिलं नाही, संध्याकाळी मी ग्रुपबाहेर. पाव्हण्यांच्या ग्रुपवर लिहिलं, पुण्याला गेलेली पोरं परत यावीत असं वाटत असेल तर विमानतळ लागेल. तिथून काढलं नाही, नातं आडवं आलं. पण दाजींनी दिवाळीपर्यंत फोन केला नाही. १५ जून २०२३ ला चिमणी पडली तेव्हा अपार्टमेंटच्या ग्रुपवरचे पेढे मी बायकोच्या फोनवर पाहिले.

फेसबुकच्याच संशोधकांनी अमेरिकेतल्या सुमारे १ कोटी वापरकर्त्यांची माहिती तपासून २०१५ मध्ये लिहिलं होतं, की विरोधी मजकूर नजरेआड होण्यात अल्गोरिदमपेक्षा माणसांच्या स्वतःच्या निवडीचा वाटा मोठा. कंपनीचीच माणसं ती, असं म्हणणारच. पण मला ग्रुपमधून काढणारे ॲडमिन तिसऱ्या मजल्यावर राहतात, जिन्यात रोज भेटतात, नमस्कारही करतात.

बरं, विरोधी मत नुसतं समोर टाकूनही भागत नाही. अमेरिकेत ट्विटर वापरणाऱ्यांना पैसे देऊन महिनाभर विरुद्ध बाजूचा मजकूर वाचायला लावला; २०१८ च्या त्या अभ्यासात रिपब्लिकन मंडळी आपल्या मतावर आणखीच घट्ट झालेली दिसली. मला नवल वाटलं नाही. दाजींना मी कात्रणं पाठवली तेव्हा ते असेच भडकले होते. जानेवारीत त्यांच्या शेतात हुरड्याला बसलो, तेव्हा कुठं बोलणं झालं. तोड लांबली की ऊस वाळतो, वजन घटतं आणि ते शेतकऱ्याच्या अंगावर येतं, हे त्यांनी हिशेब मांडून सांगितलं. ग्रुपवर दोन वर्षांत ते कुणीच लिहिलं नव्हतं.

जून २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं. दाजींनी फोन करून तिकीट केवढ्याला पडतं ते विचारलं. अपार्टमेंटच्या ग्रुपवर मला अजून घेतलेलं नाही.

– एक वाचक, जुळे सोलापूर