हात लावण्याआधी विचारा

संपादक महोदय,

मारहाण, छळ, लैंगिक अत्याचार किंवा युद्धातून वाचलेल्या अनेकांचे अंग जखमा भरल्यावरही दुखतच राहते. एक्स-रे, एमआरआय नॉर्मल येतो आणि ‘काही झालेले नाही, मनातून काढून टाका’ असे सांगून त्यांची बोळवण होते. फिजिओथेरपिस्ट म्हणून मला याची फार चीड येते. दुखणे खरे असते. दीर्घकाळ धोक्यात राहिलेली मज्जासंस्था हळवी होते, साध्या स्पर्शालाही इजा झाल्यासारखी प्रतिक्रिया देते. झोप मोडते, स्नायू आखडलेले राहतात, दुखणे आणखी वाढते. रुग्ण सांगतो त्या वेदनेचा आदर करावा, असे आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेनेही २०२० मध्ये व्याख्या सुधारताना स्पष्ट केले आहे.

अशा रुग्णाला नेहमीच्या पद्धतीने तपासणे धोक्याचे ठरू शकते. पालथे झोपवून मागून पाठीला हात लावला की कुणाला तो प्रसंग पुन्हा समोर घडल्यासारखा वाटतो. विजेचे झटके सोसलेल्या माणसाला आमचे करंटचे मशीन लावणे तर क्रूरच. पण आधी विचारलेच नाही तर कळणार कसे? (सगळे काही तोंडाने वदवून घ्यावे असेही नाही. ‘कुठे हात लावलेला चालणार नाही?’ एवढे विचारले तरी पुरते.) काय करणार ते आधी सांगावे, दर वेळी परवानगी घ्यावी, ‘थांबा’ म्हणताच थांबावे. दुभाषा लागलाच तर तो घरातला नसावा. नातेवाइकांसमोर बरेच काही बोलता येत नाही.

तळपायांवर मार खाल्लेल्यांची चाल बदलते, मग गुडघे आणि कंबरही धरते. त्यांना थोडे चालणे, थोडी विश्रांती असे बेताबेताने वाढवत न्यावे लागते. ‘सहन करा, सवय होईल’ म्हणून रेटले की माणूस पुन्हा येत नाही. आधी मनाचे उपचार संपू देत, मग शरीराचे पाहू, हेही मला पटत नाही. समुपदेशन आणि व्यायाम जोडीनेच चालावेत.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८४ च्या छळविरोधी करारात, कलम १४ मध्ये, पीडितांच्या शक्य तितक्या पूर्ण पुनर्वसनाची तरतूद आहे. त्यात फिजिओथेरपी धरली जावी आणि आमच्या अभ्यासक्रमात हा विषय प्रत्यक्ष सरावासह शिकवला जावा. तोवर रुग्णांना एवढेच सांगते: सोबत कुणाला घेऊन येणे, दाराकडे तोंड करून बसणे, एखादा उपचार नाकारणे, हे सगळे तुम्ही बिनदिक्कत मागू शकता.

– एक फिजिओथेरपिस्ट