दोन जागांचा तृतीयांश किती?

महोदय,

लोकसभेत २०२४ साली ५४३ पैकी ७४ महिला निवडून आल्या. त्यात गोव्याची एकही नाही. दक्षिण गोव्यात पल्लवी धेंपे लढल्या, हरल्या. ठीक, निवडणूक आहे. पण गोव्यातून लोकसभेत गेलेली एकमेव महिला म्हणजे १९८० साली मगोच्या (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या) संयोगिता राणे. शशिकलाताई काकोडकरांना १९७३ मध्येच मुख्यमंत्री केलेल्या प्रदेशाची ही गत!

२०२३ च्या घटनादुरुस्तीने महिलांसाठी एक तृतीयांश जागा राखीव ठेवल्या, पण जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेनंतर. शिवाय आपल्या वाट्याला जागाच दोन. त्यांचा तृतीयांश कसा काढणार, हे आमच्या नेत्यांनी आतापासून विचारायला हवे.

राखीव जागेवर येणार कोण, हाही प्रश्नच. २०२२ मध्ये विधानसभेत तीन महिला निवडून आल्या; तिघींचेही पती त्याच निवडणुकीत आमदार झाले. आमच्या गावच्या ग्रामसभेत प्रश्न बाई पंचाला (पंचायत सदस्याला) विचारला, तर माईक नवरा ओढून घेतो आणि सचिव मुकाट्याने त्याचेच उत्तर लिहून घेतो. पक्षांनी निदान एक तिकीट तरी अशा कार्यकर्तीला द्यावे, जिच्या घरात दुसरा उमेदवार नाही.

– एक वाचक, फोंडा