वरवरचं पाणी

थिन्नाकारा बेट, लक्षद्वीप
रविवार, रात्र

ती. बाबा व ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका, आम्ही चौघंही खुशाल आहोत. इथं फोनला रेंज नाही, म्हणून थोरल्याच्या वहीची पानं फाडून बॅटरीच्या उजेडात लिहितोय. परवा शेजारच्या अगत्ती बेटावर गेलो की पोस्टात टाकीन. बहुतेक पत्राआधी मीच कवठे महांकाळला पोचेन, तरी लिहितोय. निघताना फोनवरचं बोलणं अर्धवट राहिलंय.

"लाईट नाही, रेंज नाही, पाणी बेतानं वापरायचं, मग पैसे कशाचे मोजतोस?" असं तुम्ही विचारलंत बाबा, आणि मी फटकन फोन ठेवला. चुकलंच माझं. पहिल्या रात्री तर मलाही तेच वाटलं. तंबूची चेन बिघडलेली, वाऱ्यानं कापड रात्रभर फडफडतंय, सूनबाईला बोट लागलेली, सोलरची बॅटरी उतरल्यावर धाकटी "पंखा लाव" म्हणून रडतेय. आई, तुझी शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी होती म्हणून निभावलं.

पण मला सांगायचंय ते विहिरीचं. येताना एक दिवस अगत्तीत होतो. ज्या घरी उतरलो तिथं मागच्या अंगणात नारळाखाली एक विहीर. मी सवयीनं कठड्यावर वाकून खोल बघायला गेलो, तर पाणी दोन मीटरवर! धाकटीनं पोहरा धाडकन सोडला, तशी घरातली म्हातारी धावत आली. भाषा कळेना (ती मल्याळमसारखं काहीतरी बोलत होती), पण हातानं दाखवलं: आपटू नको, वरवरचं घे. गोडं होतं, किंचित मचूळ.

तिच्या नातवानं मग मोडक्या हिंदीत समजावलं. हे बेट म्हणजे पोवळ्याचा चुरा आणि वाळू. नदी नाही, ओढा नाही, टेकडीसुद्धा नाही. पडेल तो पाऊस सरळ खाली मुरतो आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलका म्हणून त्याच्यावर तरंगत राहतो, मिसळीवर तर्री तरंगते तसा. भरती आली की विहिरीतली पातळीही जरा वर चढते. पंप लावून जोरानं उपसलं किंवा जास्त खोल खणलं, की खालचं खारं वर येतं आणि विहीर बाद. तिथं समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प २०११ पासून आहे, तरी म्हातारीचा पोहरा काही सुटलेला नाही.

बाबा, मला आपली चौथी बोअर आठवली. साडेपाचशे फुटांपर्यंत गेलो आणि नुसता पांढरा फुफाटा. मशीनवाला म्हणत होता, अजून शंभर फूट घालू. तुम्ही काहीच न बोलता डोक्यावरचा टॉवेल काढून तोंड पुसत होता. म्हैसाळ योजनेचं पाणी यायच्या आधीची गोष्ट. आपण पाणी नाही म्हणून खोल जायचं, आणि ही माणसं पाणी टिकावं म्हणून खोल जात नाहीत. त्या विहिरीशी मी दहा मिनिटं उभा होतो आणि शेजारी तुम्ही हवे होतात. थोरल्याला मी सांगितलं ते त्यानं ऐकल्यासारखं केलं. तुम्ही सांगितलं असतं तर पोहरा सोडून पळाला नसता.

तेव्हा आता नाही म्हणू नका. बाग सोडून येत नाही, हे कबूल. पण मार्चअखेर बेदाणा उतरला की खरड छाटणीआधी वेलींना पंधरा-वीस दिवस विसावा देताच ना? त्यातले सहा दिवस मला द्या. आईच्या गुडघ्यांना बोटीचा त्रास नको. कोचीहून अगत्तीला विमान आहे, तासा-दीड तासाचं. उतरताना दोन्हीकडे समुद्रच दिसतो, तेवढं आईला आधी सांगून ठेवतो. तंबूचा हट्ट नाही, आपण अगत्तीतच राहू. तुमच्या माळेचीही काळजी नको. मासळी सोडून भात, डाळ, नारळ मिळतो. भाजी मात्र बाहेरून येते, तेव्हा आईनं थोडी सांडगे-पापडांची पिशवी घ्यावी.

परमिट काढावं लागतं, ते मी बघतो. दोघांचे फोटो तेवढे पाठवा. आईचा लग्नातला कापून लावलेला चालणार नाही, स्टँडजवळ जाऊन नवा काढा.

बॅटरी मिचकायला लागली, थांबतो.

तुमचा,
बाळू